सोलकर सर आणि जुलैतला बांगडा

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षे झाली होती. रत्नागिरीतल्या मासळीविषयक संशोधन कार्यालयात मी सावर्ड्याहून हंगामी सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथल्या नव्या संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावे लागे. आत यूसुफ सोलकर सर बसलेले असत. मच्छीमार घरात वाढलेले, संख्याशास्त्र शिकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी कामाआधी माझ्या राहण्याची चौकशी केली आणि संध्याकाळपर्यंत ओळखीच्या घरी खोली मिळवून दिली.

पाच बंदरांच्या मासळीची कोष्टके फोरट्रान या संगणकाच्या भाषेत घालायची होती. ओळींत महिने, स्तंभांत मासे. मी पाच वेगळ्या सारण्या करून तोच प्रोग्राम पाचदा लिहिला. सरांनी तो शांतपणे वाचला, पाचही कागद एकावर एक ठेवले आणि सांगितले, की ही एकच सारणी आहे. पहिला आकडा ओळीचा, दुसरा स्तंभाचा, तिसरा कागदाचा.

मी तशी सारणी बांधली. एकूण बेरीज जुळली, म्हणून अहवाल टंकनालाही दिला. सरांनी छापील कागदावर बोट ठेवले.

"बाय, जुलैत एवढा बांगडा कुठला? तेव्हा पावसात होड्या किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारलेल्या असतात."

मी प्रोग्राम पुन्हा काढून वाचला. संगणक एकेक स्तंभ भरत गेला होता, मी आकडे ओळीने दिले होते. प्रत्येक आकडा होता, पण भलत्याच घरात. अहवाल त्याच दिवशी जायचा होता आणि माझ्या हंगामी नेमणुकीची मुदतवाढही त्याच आठवड्यात ठरायची होती. वरिष्ठांनी उशिराचे कारण विचारले, तेव्हा सर म्हणाले, "तपासायचं काम माझं होतं. ते मी उशिरा केलं."

मला राहवेना. दुपारी मी स्वतः जाऊन चूक सांगितली. वरिष्ठांनी ऐकून घेतले आणि सांगितले, की सोलकरांनी तुमच्या मुदतवाढीची शिफारस सकाळीच दिली आहे.

पुढे सरांनी एक सवय लावली. खरे आकडे भरण्याआधी प्रत्येक घरात त्याचाच पत्ता भरायचा. सातवा महिना, तिसरा मासा, चौथे बंदर, म्हणून ७३४. ते छापून पाहायचे, मगच पुढे जायचे.

सर निवृत्त झाले. आता नव्या सहायकांना मी शिकवते, आणि अडले की सरांचे घर गाठते. भाभी चहा ठेवतात, सर चष्मा पुसून कागद पुढ्यात ओढतात. साठी पूर्ण करणाऱ्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आमचे कागद असे पुढ्यात ओढून घेण्याचा त्यांचा उत्साह पुष्कळ वर्षे टिको.