नळ चालू होता तेव्हाचं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्याला आईला नाही, इथल्या एकाही मैत्रिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही. घाबरलेय मी. हल्ली फोन वाजला तरी मी तो पालथा करून ठेवते. आणि शनिवार चार दिवसांवर आलाय.

थांबा. आधी माणूस सांगते.

इथे मेलबर्नच्या क्लेटनला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका लाकडी घरात एलियास नावाचे म्हातारे गृहस्थ राहायचे. मूळचे उरुग्वेचे. तिकडे लष्कराचं राज्य आलं तेव्हा तिशीत देश सोडून पळाले. मेलबर्नला मोटारींच्या कारखान्यात गाड्यांना दरवाजे बसवले आणि घरी आल्यावर स्पॅनिशमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. थोड्याथोडक्या नाही, सात! तिकडे त्यांची पुस्तकं कॉलेजात शिकवतात. इकडे शेजारी त्यांना फक्त कचऱ्याचा बिन बाहेर काढायची आठवण करायचा. बायको वारलेली. मुलगी इनेस इथेच वाढली — बाप स्पॅनिशमध्ये बोलायचा, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. हसू नका, आमच्या घरी मराठीचं तेच चाललंय.

मी पुण्यात स्पॅनिशचा डिप्लोमा केला होता. सगळे ओरडत होते, अगं जर्मन कर, नोकरी लागेल. पण मी कुणाचं ऐकेन तर शपथ. मग मिलिंदच्या व्हिसावर इथे आले आणि स्पॅनिशला विचारतंय कोण? केअरवर्करचा कोर्स केला. एजन्सीने मला दोन एलियासकडे पाठवलं — आठवड्यातून दोनदा, आर्वोच्या, म्हणजे दुपारच्या शिफ्टला. ‘दोन’ हे आदराने लावायचं असतं, आपल्या ‘राव’सारखं. मिलिंद कायम चेष्टा करायचा, “आज पण दोनच का गं?”

त्यांची नजर जवळजवळ गेली होती. आठवी कादंबरी ते एका छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलायचे, मी तो घरी नेऊन ऐकून टाइप करायचे. हे माझं काम नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मला हवं होतं ते. लोकांच्या गोळ्या मोजून आणि चादरी बदलून कंटाळले होते मी, आणि इथे एक खराखुरा लेखक मला विचारत होता, हा शब्द कानाला कसा लागतो?

अजून एक सांगायला हवं. पहिल्याच आठवड्यात निघताना मी सवयीने दारातून ओरडले, “येते हं!” त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं — आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, अशुभ असतं. येते म्हणायचं. ते इतके हसले! म्हणाले, पन्नास वर्षं मी चुकीच्या भाषेत निघालो होतो तर. तेव्हापासून मी “येते” म्हटलं की ते खुर्चीतून म्हणायचे, “ये.” अगदी शुद्ध मराठीत.

बघा, मी अजून मूळ मुद्द्याच्या आजूबाजूलाच फिरतेय.

शेवटचं प्रकरण त्यांनी तीन आठवडे सांगितलं; पूर्ण झालं की एकदम टाइप करू, म्हणून मी ते रेकॉर्डरमध्येच ठेवलं होतं. माँटेव्हिडिओतलं घर, दारात आई, मुलगा बॅग उचलून कायमचा निघालाय. तो जाताना एक वाक्य बोलतो. त्या एका वाक्यापर्यंत पोचायला मी एवढी पुस्तकं लिहिली, असं ते म्हणाले होते. ते वाक्य त्यांनी सांगितलं त्या दुपारी मी स्वयंपाकघरात त्यांचे कप विसळत होते. नळ चालू होता. त्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. म्हटलं असू दे, घरी जाऊन ऐकूच की.

घरी गेले, तर मंडळाचा गणपती तोंडावर आलेला. लेकीला अथर्वशीर्ष म्हणायचं होतं. तिचं म्हणणं तिलाच ऐकवावं म्हणून मी तोच रेकॉर्डर पुढे केला. जागा नाही असं दिसलं. माझा हात आधी चालतो, डोकं नंतर. काहीतरी दाबलं, त्याने विचारलं ‘सगळं?’ — आणि मी हो म्हटलं.

तीन आठवडे गेले. एका बोटाने.

मग मी काय केलं असेल? बरोबर. गप्प बसले. आठवेल तसं स्वतः लिहून काढलं. अकरा पानं. बाकी सगळं आठवत होतं, इतक्या वेळा ऐकलेलं. फक्त ते वाक्य नव्हतं, कारण ते मी ऐकलंच नव्हतं. मध्यंतरी त्यांना छोटा झटका येऊन गेला होता, बोलणं जड झालं होतं. पण बोलता येत नव्हतं असं नाही हो! एक वाक्य होतं. ‘परत सांगा’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. तुमची सगळ्यात मोठी ओळ तुम्ही बोलत होता तेव्हा मी कप विसळत होते, हे सांगायची लाज वाटली. आणि खरं सांगू? लिहिताना मजा आली. तीही लपवायची होती.

मुलाच्या तोंडी मी लिहिलं, ‘बेंगो.’ म्हणजे येतो. स्पॅनिशमध्ये देश सोडून निघालेला माणूस असं म्हणत नाही, तो ‘मे बोय’ म्हणेल — जातो. कोपऱ्यावरून दूध आणायला जाणारा फार तर ‘या बेंगो’ म्हणेल, आलोच. पण माझ्या मराठी हाताला उंबऱ्यात ‘जातो’ लिहवेना. लिहिताना मला ते कळलंसुद्धा नाही.

कळलं ते त्यांना वाचून दाखवताना. ओळ तोंडातून बाहेर पडली आणि मला त्यात माझंच ‘येते हं’ ऐकू आलं. त्यांनी बोट वर केलं. परत वाच. मी वाचली. त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेने वळवलं. मग म्हणाले, “पूर्णविराम दे.”

त्यांना कळलं होतं. कळणारच ना! तो शब्द त्यांना कुणी शिकवला होता?

पुस्तक निघालं. तिकडच्या परीक्षणांत त्या एका शब्दावर परिच्छेदच्या परिच्छेद आले. मी त्यांना वाचून दाखवायचे आणि ते मान हलवायचे. पुढे ते नर्सिंग होमला गेले. शेवटच्या भेटीत मी निघाले तेव्हा ते उशीवरून वाट बघत होते — मी शब्द म्हणावा, म्हणजे त्यांना ‘ये’ म्हणता येईल. आणि मला वाटलं, तो शब्द आज मी उच्चारला तर ते त्या ओळीचं विचारतील. मी “बाय” म्हटलं आणि सटकले. त्यानंतर ते गेले.

इथवरचं सगळं एकवेळ भित्रेपणा म्हणून सोडता आलं असतं. खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

गेल्या महिन्यात इनेसचा फोन आला. युनिव्हर्सिटीवाले बाबांचे कागद जपून ठेवणार आहेत. तो रेकॉर्डर तुझ्याकडे आहे का? पुसलेलं असलं तरी त्यांना परत काढता येतं म्हणे. मला फक्त डॅडचा आवाज ऐकायचाय, म्हणाली. मी म्हटलं, “शोधते गं, नो वरीज.”

शोधायचा कशाला? ड्रॉवरमध्येच होता. त्यात ते वाक्य कुठेतरी होतं. दिला असता तर माणसाला त्याची ओळ परत मिळाली असती, मुलीला बाप ऐकायला मिळाला असता. आणि माझी अकरा पानं माझी ठरली असती.

सकाळी नऊची वेळ होती. मिलिंद ऑफिसला, लेक शाळेत. मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि रेकॉर्डर वॉशिंग मशीनवर ठेवला, म्हणजे जुन्या आवाजावर हा आवाज चढेल आणि खालचं कुणालाच काढता येणार नाही. एक लोड झाला, दुसरा लावला. स्वच्छ कपडे परत धुतले. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. जागा संपल्याचं दिसेपर्यंत. पहिल्यांदा हात चुकून गेला होता. या वेळी डोकं आधी चाललं.

मग तो इनेसला नेऊन दिला. तिने मला मिठी मारली. आठवड्याने सांगितलं, त्यात नुसती घरघर आहे, बाकी काही हाती लागलं नाही. “तू जपून ठेवलास, हेच खूप आहे,” म्हणाली.

शनिवारी कबरीवर दगड बसतोय. त्यावर त्यांचं नाव आणि खाली एकच शब्द, बेंगो. इनेसला स्पॅनिश वाचायला संकोच वाटतो, म्हणून तो मोठ्याने मी वाचायचा आहे. मी हो म्हटलंय. मी वाचणार.

तो मुलगा दारात काय म्हणाला होता, ते जगात एका माणसाला माहीत होतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते.