कुरडयांना हक्काची बाई

पार्लरवालीला किस्से शोधावे लागत नाहीत. बाई खुर्चीत मान टेकवते, डोळे मिटते आणि लगेच बोलायला लागते. माझं पार्लर देवळीत, बसस्टँडमागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. इथले निम्मे किस्से सांगण्यासारखे नाहीत. उरलेल्यांत पीसीओडीचे इतके साचलेत की विचारू नका, आणि त्यातला पहिला नंबर माझाच!

एक काकू लग्नाच्या पोरीला घेऊन आल्या. माझ्या गालांकडे, हनुवटीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्याच तोंडावर एवढे पिंपल हायेत, तं माह्या पोरीचं काय करान?"

मी म्हटलं, "काकू, टकल्या न्हाव्याकडे लोक केस कापतातच ना?"

काकू हसल्या आणि पोरीला बसवलं. फेशियल छान झालं. त्या गेल्यावर मी पार्लरच्या आरशासमोर किती तरी वेळ उभी होते.

वर्ध्याच्या डॉक्टर मॅडमनी मला समजावून सांगितलं होतं. पिंपल, हनुवटीवरचे केस, वाढलेलं वजन, महिनोन् महिने न येणारी पाळी, सगळी हार्मोनचीच गडबड. गोळी घेतली की पाळी येते, सोडली की गायब. मॅडम म्हणाल्या, चेहऱ्याचं मागून पाहू, आधी पाळी आपलीआपण यायला लागू दे, मग बाळाचं बघू. मला बाळ हवंय. लग्न झालं तेव्हापासून हवंय. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही मोकळेपणी हसत ऐकाल.

*

माझ्याकडे एक पडदा आहे. त्याच्यामागे फक्त हनुवटीचं काम चालतं.

गल्लीतल्या एक सासूबाई दुपारी गुपचूप यायच्या. म्हणायच्या, सुनेला कळू देऊ नको. त्यांची सून सकाळी यायची, ती म्हणायची सासूला कळू देऊ नको. मी दोघींचं गुपित इमानदारीनं सांभाळलं. एका शनिवारी सूनबाईनं वेळ चुकवली आणि सरळ पडदाच सरकवला. आत सासूबाई मान वर करून आडव्या, आणि थ्रेडिंगचा दोरा माझ्या दातात. मला तर 'थांब' पण म्हणता येईना!

मग सासूबाईंनी झोपल्या झोपल्या हुकूम सोडला, "बस तिथी. माह्यं झालं की तुह्यं."

आता दोघी एकाच स्कूटीवर येतात. घरी सांगतात, भाजी आणायले चाललो.

*

पल्लवी कॉलेजात जाते. तिचे पिंपल म्हणजे तिच्या आजीच्या मते अंगातली उष्णता. आजीनं सब्जा पाजला, गुलकंद चारला, आंबा बंद केला. पल्लवीनं स्वतःच्या डोक्यानं वर टूथपेस्ट फासली. माझ्याकडे आली तेव्हा गालावर पांढरे ठिपके आणि डोळ्यांत पाणी. विचारलं तर पाळीचाही पत्ता नव्हता.

मी तिच्या आईला म्हटलं, डॉक्टरकडे न्या. आई घाबरली. लग्नाआधी बायांच्या डॉक्टरकडे गेलेलं कुणी पाहिलं तर काय घ्या! शेवटी मीच तिला एसटीनं वर्ध्याला नेलं. दोघींनी डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधले होते. वेटिंगमध्ये पाहते तर ओळीनं सगळ्याच स्कार्फवाल्या! कुणी कुणाकडे बघेना.

नर्सनं नावं पुकारायला सुरुवात केली, तशी एकेक उठली. आमच्या गल्लीतली टीचर निघाली, बँकेतली मॅडम निघाली, किराणावाल्याची सून निघाली. येताना सगळ्या एकाच बसमध्ये, स्कार्फ सोडून, शेंगदाणे खात आलो. पल्लवी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

*

मॅडमनी रोज चालायला सांगितलं. मी पहाटे पुलगाव रोडनं निघायला लागले. पण देवळीचे लोक एवढे माणुसकीचे, की कुणी चालूच देईना. जो तो गाडी थांबवून म्हणायचा, "कुठी चालली वं? बस, सोडून देतो."

नाही म्हणावं तर राग. एका मामांनी तर मला बसवलं, मोठ्या पुलापर्यंत नेलं आणि म्हणाले, काम करून ये, मी थांबतो. काम काय सांगणार? पुलावर उभी राहून पाणी पाहिलं आणि त्यांच्याच गाडीवर परत आले. त्या महिन्यात वजन वाढलं.

पुढे मी शेताच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालायला लागले. तिथं कुणी भेटत नाही. चालता चालता मी नसलेल्या लेकराशी बोलायची, हेही तुम्हाला सांगते. त्याला सांगायची, बघ, तुझ्यापायी तुझी माय कुठे कुठे फिरून राह्यली.

*

आता माझ्या सासूबाईंचं सांगते. आमच्याकडे सोवळं कडक. बाई बाहेर झाली, म्हणजे पाळी आली, की तिनं घरात शिरायचं नाही. मी तेवढे दिवस पार्लरमध्ये झोपते. ताट उंबऱ्यावर ठेवतात. चुकून शिवले तर सासूबाई डोक्यावरून आंघोळ करतात.

सुरुवातीला माझी पाळी चुकली, की त्या माझ्या हातातली भरलेली बादली काढून घ्यायच्या. वरणावर तूपही जास्त पडायचं. मग मी गोळी घेतली, की पार्लरमध्ये मुक्काम. परत आले की बादली परत माझ्या हातात. असं कितीदा झालं. पुढे त्यांनी बादली काढून घेणं सोडलं. त्याचं मला फार वाईट वाटलं.

गल्लीनं मात्र माझा वेगळाच उपयोग शोधला! पापड, कुरडया, पूजेचा स्वयंपाक, सगळ्याला बाई शुद्ध पाहिजे. ऐनवेळी कुणाची ना कुणाची सून बाहेर व्हायची. मग हाक यायची, "सरिताले बोलवा, ते कधीच बाहेर नसते." जावेच्या डोहाळेजेवणाला सगळा स्वयंपाक मी केला. ओटी भरायला मात्र मला कुणी बोलावलं नाही. मी आत पुऱ्या तळत गाणी ऐकली. चांगल्या फुगल्या होत्या पुऱ्या.

*

दिवाळीनंतर मॅडमनी गोळ्या थांबवल्या. म्हणाल्या, आपलीआपण येते का पाहू. मी चालत राहिले. संक्रांत गेली, होळी गेली, काही नाही.

उन्हाळ्यात आमच्या अंगणात कुरडया होत्या. आमचा आणि शेजारच्या काकूंचा गहू एकत्र भिजवला होता. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, आधण उकळत होतं. हातानं चीक कालवून सासूबाई दांडा घेऊन घोटायला बसल्या होत्या, आणि गव्हाचा तो चीक ओतायला अर्थातच मी. बाहेरच्या बाईची सावली पडली तरी चीक नासतो, असं आमच्याकडे धरतात. काकू साचा घेऊन तयार बसल्या होत्या.

तेवढ्यात मला जाणवलं. मी मोरीत गेले, खात्री केली आणि तिथंच तोंडावर हात धरून रडले. मग येऊन अंगणाच्या कडेला, चुलीपासून लांब उभी राहिले.

"आई, मी बाहेर झाली."

काकूंनी कपाळावर हात मारला. एवढ्या चिकाचं आता काय करायचं, म्हणून त्या करवादायला लागल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"गोळी घेतलती का?"

"नाई आई."

"मंग?"

"आपलीआपण."

त्यांनी दांडा गंजातच सोडला. उठल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि चिकानं भरलेल्या दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, पिंपलसकट. 

काकू म्हणाल्या, "अवं, शिवली तू तिले. आंघोळीले जाय आता."

सासूबाई चुलीपाशी परत गेल्या, पाट ओढून बसल्या आणि त्याच हातांनी दांडा उचलला.

"सरिता, उभी काऊन हायेस वं? चीक ओत."