जाधव सरांचं गंधक

चार मास्तर एका खोलीत बसले की किस्से साचतातच. आमच्या आष्टीच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये तर ढीग पडलाय. पण जाधव सरांचे किस्से सांगताना मला हसू येत न्हाई, डोकं फिरतं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. जाधव सर गणित शिकवायचे आणि सुट्टीत माणसामागं माणूस जोडत माल खपवणाऱ्या एका साखळी कंपनीचे डबे विकायचे. आत पांढरी पावडर. "खायचं गंधक हाय सर. अंगातली सगळी घाण काढतं."

मी विज्ञानाचा. म्हटलं, "त्याला लिव्हर-किडनी हायेत की. अन् गंधक कांदा-लसणात, डाळीत मिळतंच."

"ते गावठी. हे इम्पोर्टेड हाय."

पुरावा मागितला तर कॅसेट आणली. तीत एक माणूस सांगतो, मला लई फरक पडला. हा कोण? "माझ्या वरचा एजंट."

*

देशमुख बाईंचं पावडरीनं डोकं दुखायला लागलं. जाधव म्हणाले, "घाण निघून राह्यली." क्लार्कला जुलाब लागले. "बघा, निघाली."

"अन् काहीच झालं न्हाई तर?"

"मंग घाण जुनी हाय. डोस वाढवा."

असल्या माणसाशी वाद तरी काय घालायचा? नुसता संताप यायचा.

*

एकदा जाधव सरांनाच ताप आल्ता. भेटायला गेल्तो, तर गडी जालन्याच्या दवाखान्यात सलाईन लावून पडलेला. "पावडर कुठंय?"

"तापात नसते घ्यायची ती."

*

इतिहासाच्या शेख सरांना शुगर होती. जाधवांचं ऐकून त्यांनी गोळ्या बंद केल्या. चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली. मी म्हटलं, "शेख सर, जल्दी दवाखान्यात चला."

जाधव मधी पडले. "पू म्हणजे घाणच की. निघू द्या."

मी त्यांची कॉलर धरली. शेख सरांनीच सोडवली. "जाने दो. चार दिवस बघू."

त्या चार दिवसांत अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी कापून टाकला.

*

दवाखान्यात इन्सुलिन सुरू झालं, शुगर खाली आली. जाधवांनी तोच रिपोर्ट पावडरीचा गुण म्हणून कंपनीच्या मीटिंगमध्ये फडकवला आणि शेख सरांना अनुभव सांगायला बोलावलं. ते येतो म्हणाले, मलाही सोबत नेलं.

मीटिंगमध्ये शेख सर काठी टेकत उठले. माईक हातात घेतला.

"जाधव सर म्हणले होते, घाण निघल. ती निघाली का न्हाई, मला म्हाईत न्हाई. माझा अंगठा निघाला."

अनुभव सांगून झाला की टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली पद्धत. लोकांनी जोरात वाजवल्या.