धुराड्यातला धूर

येडशीच्या स्टेशनालगत दगडी घरांची एक ओळ होती. उतरती कौलं, कमानीच्या खिडक्या आणि प्रत्येक छपरावर विटांचं धुराडं. छोटी गाडी सुरू झाली तेव्हा गोऱ्या साहेबांनी त्यांच्या राणीच्या काळातली धाटणी जशीच्या तशी इथं आणून ठेवली होती. आमच्या उन्हात बैठकीतच शेकोटीची सोय, म्हणजे कमालच. पुढं साहेब गेले, घरं भाड्यानं मिळू लागली, आणि आमचं तिघांचं बिऱ्हाड तिथं आलं. गाव मात्र शेवटपर्यंत सायबाची आळीच म्हणत राहिलं.

शेकोटीचा तो कोनाडा पाहून आईनं त्यात सरळ देव मांडले. काळा दगड, वर कमान. तिला तो गाभाराच वाटला. पण वरून वारा यायचा, निरांजन विझायचं आणि देवांच्या डोक्यावर काजळी पडायची.

"तुझे देव इंजनावर कामाला लागलेत," वडील चिडवायचे.

"लागू द्या. तुमी तरी कुठं घरी असता?" आई म्हणायची.

वडील रोज गाडीनं बार्शीच्या गिरणीत जायचे. बार्शी इंग्रजांची, आम्ही निजामाचे. संध्याकाळी घाट चढताना गाडी शिट्टी द्यायची, तेव्हा आई देवापुढच्या निखाऱ्यांवर ऊद टाकायची. धूर धुराड्यातून वर जायचा आणि स्टेशन यायच्या आधीच वडिलांना डब्यातून दिसायचा. आम्ही घरी आहोत, एवढा त्याचा अर्थ. त्यांनी आम्हाला कधी हाक मारून बोलावलं नसेल, पण तो धूर ते रोज शोधायचे.

मग रझाकारांचे दिवस आले. आळी रिकामी होऊ लागली. "लईच गडबड झाली तर लातूरला माहेरी जा. माझी वाट बघू नगं," असं सांगून वडील एका सकाळी कामावर गेले आणि गाडीच बंद झाली; ते पलीकडं बार्शीतच अडकले. आई गेली नाही. वाट न बघता राहायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरात माणसं आहेत हे बाहेर कळू नये म्हणून तिनं ऊद तेवढा बंद केला.

निजामाचं राज्य गेलं, गाडी पुन्हा सुरू झाली. घाटातली शिट्टी ऐकताच आई जी उठली ती थेट दारात. उदाचं भान तिला राहिलं नाही, मलाही नाही. गाडी समोरून गेली. खिडकीत वडील होते. मी जीव तोडून ओरडले, पण ते छपराकडं बघत होते. दाराकडं त्यांनी पाहिलंच नाही. आम्ही पळत स्टेशनावर पोचलो तोवर गाडी लातूरकडं निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते उलट्या गाडीनं आले. "धूर न्हवता, म्हणून उतरलो न्हाय," एवढंच म्हणाले. लातूरलाही आम्ही नव्हतो. ती रात्र त्यांनी कशी काढली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई पुढं जन्मभर गाडीच्या वेळेला ऊद टाकत राहिली, वडील गेल्यावरसुद्धा.

आता तिथून मोठी गाडी धावते. येडशी जवळ आली की मी खिडकीशी सरकते. परवा नात म्हणाली, "आजी, उतरू या का? घर बघू." मला फार वाटलं उतरावं. मी छपराकडं पाहिलं.

"नगं बाई," म्हटलं, "घरी कुणी न्हाय."