भरलेल्या बाटल्या

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की सोनकांबळे सर ती सुटायच्या आधी फाटकात पाण्याची बादली घेऊन उभे राहत. सायकलवाल्या मुलामुलींनी ओळीनं यायचं, डोक्याचा रुमाल किंवा तोंडाचा स्कार्फ बादलीत बुडवायचा, पिळून बांधायचा आणि मगच बाहेर पडायचं. कोरड्या डोक्यानं कोणी निसटू लागलं तर सर त्याच्या सायकलचं हँडल धरत. "टकुरं वलं कर, मग जा कुठं जायचं तिकडं," एवढंच म्हणत. शाळा रेणापूर तालुक्यातली. ती सुटायची ऐन दुपारी, आणि वाड्यावस्त्यांवरची मुलं नेमकी त्याच वेळी डांबरी रस्त्याला लागायची.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. शाळेसमोर भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि शेजारच्या खोलीत सर. ते शारीरिक शिक्षण शिकवत. मूळचे हिमायतनगरकडचे, घरची माणसं नांदेडला मुलाकडे. उंच, वाळलेला बांधा, बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा सुती सदरा. त्यांचा थोरला भाऊ सायकलनं मजुरीला जाई. एका मे महिन्यात घरी परतताना ऊन लागून तो रस्त्यातच गेला. सर ही गोष्ट कधी सांगत नसत. मला ती त्यांच्या पत्नीकडून कळली.

उन्हातल्या सायकलीबद्दल त्यांची मतं पक्की होती. "सायकलवर वारं फसवतंय," असं ते म्हणत. चालत्या सायकलवर घाम वाळतो, बरं वाटतं, आणि थांबल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून लिंबाची सावली लांबून दिसली की तिथपासूनच पायडल हळू करायचं. चाकात हवा टम्म भरायची नाही. ट्यूब फुटली तर उन्हात सायकल ढकलत नेण्यासारखा दुसरा छळ नाही. आणि एकटं जायचं नाही, जोडीनं जायचं. "बडबडणारं लेकरू गप झालं की समजायचं ऊन आत गेलं. तिथंच उतरायचं." पाण्याबद्दल तर ते रोज सांगत: "तहानंची वाट बगू नगा. सावली आली की दोन घोट, तहान असो नसो."

शिक्षकांच्या खोलीत त्यांची थट्टा चाले. गणिताचे गुरुजी एकदा म्हणाले, "सर, ही पोरं उन्हातच जन्मलीत. त्यांना काय होतंय?" सरांनी विचारलं, "मग तुम्ही फटफटीवर टोपी घालून कामून येता?"

एक गोष्ट मात्र त्यांना उमगत नव्हती. प्रत्येक सायकलवाल्याजवळ पाण्याची बाटली हवीच, असा त्यांचा नियम होता. शाळा सुटताना ते बाटल्या बघत. मुलांच्या रिकाम्या असत. मुलींच्या सकाळी घरून आणल्या तशाच भरलेल्या. सर चिडत. "पाणी काय दप्तराला वजन म्हणून आणून राहिलात का?" मुली खाली बघत, एकमेकींना कोपर मारत. नुसतं पाणी नको वाटत असेल म्हणून त्यांनी लिंबू, मीठ, साखर घालून आणायला सांगितलं. मुलींनी तेही आणलं. बाटल्या भरलेल्याच राहिल्या. सरांनी तो हट्ट समजला.

अश्विनी नदीपलीकडच्या वाडीवरची. नववी संपत आली होती आणि दहावीचे जादा तास सुरू होते. तिच्या घरातून दहावीपर्यंत पोचणारी ती पहिली मुलगी. पळण्यात चपळ, गणितात त्याहून चपळ. ती दहावीत शाळेचं नाव काढील असं सर मला अनेकदा सांगत. एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी पुलाच्या अलीकडच्या वळणावर ती सायकलवरून पडली. तिच्या जोडीला मनीषा होती. तिनं शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. अश्विनीला पुलाखालच्या सावलीत ओढलं, स्कार्फ ओला करून मानेवर ठेवला, टेम्पो अडवला. वेळेत आणलं म्हणून वाचली, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी आणखीही सांगितलं: लघवीच्या मार्गात जुना संसर्ग आहे, मुलीच्या पोटात पाणी फारच कमी जातंय. मी चार ओळींची बातमी दिली. तीत कारण ऊन असं होतं. ते चूक नव्हतं.

ती घरी आल्यावर सर वाडीवर गेले, मीही गेलो. वडिलांनी बसायला चटई टाकली आणि निर्णय सांगितला. "सर, आता सायकल नगं आन् शाळा बी नगं. पोरगी हाय तर सगळं हाय." एसटीची वेळ शाळेला जुळत नव्हती. सर म्हणाले, मी स्वतः तिच्यासोबत सायकलनं येत जाईन. वडील बैलाला पाणी दाखवायला उठून गेले.

तिची आई मंदाबाई दारात बसली होती. तिनं आवाज खाली आणला. "सर, तुम्ही पोरीला पाणी पी म्हणता. पिऊन जायचं कुठं? शाळंतल्या संडासाला कुलूप. वाटंनं तूर निघाली, ऊस गेला, कमरंएवढा आडोसा न्हाई. मीच सांगते तिला, घरी येईस्तर पिऊ नगं म्हणून."

सर म्हणाले, "मला कुणी बोललं कामून न्हाई?"

"तुम्हाला कशा बोलतील, सर?"

दुसऱ्या दिवशी सर मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं, की टाकीतलं पाणी उन्हाळ्यात पिण्यापुरतंच येतं. कुलूप काढलं की घाण होते. घाण झाली की तक्रार होते. सर अडून बसले आणि किल्ली घेऊन आले. कार्यालयात ती हरवेल म्हणून स्वतःच्या खिशात ठेवली. परिपाठाच्या वेळी सांगितलं की ज्या मुलीला हवी तिनं माझ्याकडून घेऊन जावी. एकही मुलगी आली नाही. सर रोज वाट बघत.

शेवटी मराठीच्या बाईंनी, शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिकेनं, किल्ली मागून घेतली. "सर, मुलींचं सोडा," त्या म्हणाल्या. "मीबी घरून निघाल्यावर पाणी पीत न्हाई."

बाईंनी कुलूप उघडलं. मुली जाऊ लागल्या. पाणी नव्हतं, आणि आठवडा संपायच्या आत वासानं शेजारचा वर्ग बसेना. मुख्याध्यापकांनी पुन्हा कुलूप लावलं. सर त्यांच्याशी भांडले नाहीत. त्यांनी रस्त्यालगतच्या एका शेतकऱ्याला विचारून लिंबाखाली पोत्यांचा आडोसा उभा केला, खांब स्वतः रोवले. तिकडे कोणी फिरकलं नाही. कोण आत गेली ते रस्त्यावरून सगळ्यांना दिसे, आणि फटफट्या तिथं हळू होऊ लागल्या होत्या. पोती सरांनीच उतरवली. त्या संध्याकाळी ते खोलीबाहेर बाजेवर बसले होते. म्हणाले, "माझ्याच्यानं हे व्हत न्हाई."

जूनमध्ये अश्विनीच्या वडिलांनी शाळेतून दाखला काढून नेला. पावसाळ्यात सर एकदा त्या वाडीवरून आले. अश्विनी सोयाबीन खुरपत होती. तिनं लांबून हात जोडले आणि पुन्हा खाली बसली. एवढं सांगून सरांनी विषय बदलला. पुढच्या मार्चमध्ये ते फाटकात बादली घेऊन उभे राहिले, स्कार्फ ओले करून घेतले. बाटल्या मात्र त्यांनी पुन्हा कधी तपासल्या नाहीत.

निवृत्तीनंतर ते नांदेडला मुलाकडे गेले. गेल्या वर्षी तिथंच वारले. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. मधुमेहानं पाय सुजलेले, बिछान्यावरच होते. नात अकरावीला, दुपारच्या क्लासला सायकलनं निघाली होती. सरांनी तिला पडल्या पडल्या विचारलं, मैत्रीण सोबत आहे ना. आहे, म्हणाली. सून तिला दारापर्यंत सोडायला गेली. दार जवळच होतं आणि तिचा आवाज हळू असला तरी ऐकू आला. "क्लासमधलं बाथरूम तुला ठाऊक हाय. पाणी बेतानं पी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते भिंतीकडे वळून झोपले.