ओठाची झोळी

कुत्र्याला औषध पाजायचं असेल तर त्याची मान वर करायची की सरळ ठेवायची? सांगा बघू चटकन. अडखळलात ना? अडखळा. ज्यांच्या नावापुढे जनावरांचे डॉक्टर म्हणून पदवी लागायची होती, तेही अडखळायचे. आणि त्यांना हे शिकवणारा माणूस मराठी चौथी नापास होता. त्याचं नाव धाकू राऊळ.

अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, कुर्ल्याच्या रस्त्यावर, एका ट्रस्टचा जनावरांचा दवाखाना आहे. ट्रस्टचं नाव इथे येणार नाही. ज्यांना झोंबायचं त्यांना तसंही झोंबेल. कणकवलीकडचा धाकू तिथे १९३८ साली फरशी धुवायला लागला. फरशीवरून टेबलापर्यंत यायला त्याला सहा वर्षं लागली, आणि ही सहा वर्षं तो कुत्र्यांकडूनच शिकला. दोन्ही हातांवर दातांचे व्रण होते. पोटात चौदा इंजेक्शनं, तीही दोनदा. तिसऱ्यांदा त्याला कुठलं जनावर चावलं नाही.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजातले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मंगळवारी आणि शुक्रवारी या दवाखान्यात यायला लागले. तोवर त्यांचं सगळं शिक्षण बैल, म्हैस आणि घोडा यांच्यावर झालेलं. कुत्र्यामांजराचा आजार हा श्रीमंतांचा चोचला, तो पुस्तकात शेवटी चार पानांत. आता मुंबईत घरोघर कुत्री झाली, तेव्हा हेही शिकवायला हवं असं वर कुणाला तरी वाटलं. शिकवायचं डॉ. विद्याधर सबनीसांनी, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी. ते पहिली दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचे आणि मग मोटारीतून आलेल्या मालकांशी गप्पा मारायला आतल्या खोलीत जायचे. "पुढचं धाकू दाखवेल," एवढंच मराठीत.

धाकू दाखवायचा. वीस-एकवीस वर्षांची ती पोरं पन्नाशीच्या माणसाला "अरे धाकू" म्हणायची, आणि तो त्यांना "डॉक्टर". त्यात थोडी टवाळी होती, पण ती त्यांना कळायची नाही.

"डॉक्टर, हात खाली घ्या. वरून डोक्यावर हात आला की त्याला वाटतं आता बसली टपली."

"मग कुठून नेऊ?"

"छातीकडून. आधी मूठ हुंगू द्या. जातगोत तो विचारून घेतो, आपल्यासारखाच."

"आणि चावला तर?"

"तर तुमचं चुकलं. परीक्षा तुमची आहे, त्याची नाय."

पट्टीचा फास कुत्र्याच्या नाकावरून घेऊन जबड्याखाली कसा आवळायचा, मांजराला टॉवेलात कसं गुंडाळायचं, थर्मामीटर लावताना शेपूट कोणी धरायचं, हे सगळं त्याने शिकवलं. पण त्याचा खरा धडा औषध पाजण्याचा. कुत्र्याचं तोंड उघडायचंच नाही. मान जमिनीला समांतर. ओठाचा कोपरा दोन बोटांनी बाहेर ओढला की गालाची झोळी होते. त्या झोळीत एक चमचा ओतायचा आणि थांबायचं. घशाखाली गेलं की दुसरा. मान वर केलीत की औषध श्वासाच्या वाटेने फुफ्फुसात. "बैलाची तऱ्हा हिते नको," हे तो प्रत्येक नव्या तुकडीला सांगायचा. कारण पोरांचे हात बैलावर बसलेले. बैलाचं तोंड वर उचलायचं, बांबूच्या नळकांड्यातून अर्धा शेर तेल ओतायचं, की झालं.

आता एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. प्रत्येक जनावराच्या केसपेपरवर 'औषध देणाऱ्याची सही' असा रकाना होता. विद्यार्थ्यांना सही करायचा अधिकार नाही. सबनीसांना सही करायची हौस नाही. तेव्हा १९४९ पासून सही धाकूची: धा. बा. राऊळ. औषध कुणीही पाजो, नाव याचं. धाकूला याचा केवढा अभिमान. डॉक्टरांच्या कागदावर आपलं नाव. शिकवणीच्या दिवशी तीस-चाळीस जनावरं यायची, हात तेला-औषधाने बरबटलेले असायचे, म्हणून तो सकाळीच कोऱ्या कागदांची थप्पी घेऊन ओळीने सह्या करून ठेवायचा. सबनीसांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. इथे धाकू चुकला, झाकायचं कारण नाही. आपल्याला मोठं करणारी माणसं आपल्याला वापरत असू शकतात, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

१९५६ च्या नोव्हेंबरातला मंगळवार. मृणालिनीबाई आपला रॉबिन घेऊन आल्या. ट्रस्टच्या अध्यक्षांची भाची ही. रॉबिन लांब कानांचा स्पॅनियल, तीन दिवस पोट साफ नव्हतं. सबनीसांनी एरंडेल लिहून दिलं. धाकूने कुत्र्याला टेबलावर घेतलं, पोरं भोवती जमली, आणि सबनीस दारातून म्हणाले, "धाकू, बाई उभ्या आहेत. आतली वेताची खुर्ची आण."

"पाजून आणतो, साहेब."

"आधी खुर्ची."

धाकू खुर्ची आणायला गेला. टेबलापाशी आठ विद्यार्थी राहिले. त्यांत श्यामकांत म्हणून एक होता, साताऱ्याकडच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा मुलगा. सुट्टीत वडिलांबरोबर फिरून शेकडो बैलांना औषध पाजलेला. त्याला हा चमच्या-चमच्याचा खेळ पोरकट वाटायचा. त्याने रॉबिनचा जबडा धरून मान छताकडे केली, बाटलीचं तोंड दातांमागे घातलं आणि ओतलं.

धाकू खुर्ची घेऊन परतला तेव्हा कुत्र्याच्या नाकातून तेल येत होतं. त्याने खुर्ची तिथेच टाकली, कुत्र्याला मागच्या पायांनी उचलून उलटं धरलं, पाठ चोळली. थोडं तेल पडलं. खोकला थांबेना.

"मान कोणी उचलली?" त्याने विचारलं. आठही जण कुत्र्याकडे बघू लागले.

सबनीस आले. "काही नाही हो बाई, ठसका लागला."

"साहेब, छातीत गेलंय. ठेवून घेऊ या."

"डॉक्टर तू की मी?"

रॉबिन मोटारीतून घरी गेला. शुक्रवारी सकाळी मेला.

सोमवारी ट्रस्टची समिती बसली. पाच पांढरे कोट आणि एक काळी टोपी. टेबलावर केसपेपर. सही धा. बा. राऊळ. धाकूने सांगितलं की सही सकाळीच केली होती, औषध मी पाजलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे न केलेल्या कामाखाली सही करतोस. ही तर आणखी वाईट गोष्ट." सबनीस खिडकीबाहेर बघत राहिले. श्यामकांतला बोलावलं. तो म्हणाला, "मी फक्त पाय धरले होते. पाजलं धाकूने." बाकीच्यांचं लक्ष नव्हतं म्हणे. शेवटी नंदकिशोर आला. त्या तुकडीत हा एकटाच धाकूला "मामा" म्हणायचा, मधल्या सुट्टीत थांबून पट्टी बांधायचा सराव करायचा. धाकू सरसावून बसला. नंदकिशोर फरशीकडे बघत म्हणाला, "मी दुसऱ्या टेबलावर होतो."

दवाखान्यात टेबल एकच होतं. समितीतल्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी सबनीसांनी धाकूला बाजूला घेतलं. "लिहून दे, हात सरकला म्हणून. मी सांभाळून घेतो. मागे पिंजरे धुवायला राहा. फक्त टेबलाजवळ यायचं नाही."

"पोरांना दाखवणार कोण?"

"ते आम्ही बघू."

"इतकी वर्सं बघितलं नाय ते आता बघणार?"

"माज करू नकोस, धाकू. उद्या दहापर्यंत कागद दे, नाहीतर येऊ नकोस."

घरी विमलाने, म्हणजे बायकोने, चुलीपुढे बसून सगळं ऐकलं. तिनेही आधी तेच म्हटलं, "लिवन दी मरे. चार अक्षरां. पोटाक काय अभिमान घालतलस?"

"अभिमानाचा नाय गो. मी लिवलंय, माझ्या हातान झाला, तर उद्याची पोरां काय म्हणतली? धाकू औषध तसाच पाजायचो, धाकूनच तसा शिकवल्यान. मगे कोण पण मान वर करतलो. कागद ऱ्हवता, विमला. मी नाय ऱ्हवणय."

विमलाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग भाताचं टोप उतरवत म्हणाली, "तर नको लिवू. पण त्या साहेबाक एकदा शिवी घालून ये, माझ्या नावान."

त्याने शिवी घातली नाही. शिवी घालणारा माणूस तो नव्हे, आणि हाच त्याचा दोष. दहाला जाऊन त्याने टेबल पुसलं, पट्ट्या गुंडाळून डब्यात भरल्या आणि निघाला. कागद दिला नाही. आता तो जोगेश्वरीच्या एका तबेल्यात म्हशी धुतो. म्हशींना औषध पाजायची वेळ आली की मालक त्याला बोलावतो. तिथे बैलाचीच तऱ्हा चालते.

एप्रिलात परीक्षा झाल्या. श्यामकांत पास होऊन एका जिल्ह्याच्या दवाखान्यात रुजू झाला. नंदकिशोरही पास झाला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन तबेल्यात आला. शेणातून वाट काढत, नवे बूट जपत. पाया पडायला वाकला.

"बसा, डॉक्टर," धाकू म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही कुठल्या टेबलावर होतात?"

"मामा, परीक्षा होती हो. सबनीस सरांच्या हातात मार्क होते."

"आता झाली ना परीक्षा?"

नंदकिशोरने पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"पेढे परत न्या. कागद लिहून आणा. खरं तेवढंच लिवा, जास्त नको."

नंदकिशोर "आणतो" म्हणाला. त्याला आता दोन महिने झाले.

दरम्यान दवाखान्यात मंगळवार-शुक्रवार चालूच आहेत. नवी तुकडी येते. सबनीस दहा मिनिटं बोलतात. मग पोरं एकमेकांचं बघून शिकतात, म्हणजे कुणीच काही शिकत नाही. गेल्या महिन्यात दोन कुत्री खोकत घरी गेली. त्यांचे मालक मोठे नव्हते, म्हणून समिती बसली नाही. सहीच्या रकान्यात आता दुसऱ्या एका फरशीवाल्याचं नाव असतं.

धाकूने फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. येत्या पंधरा तारखेला समिती तो विचारात घेणार आहे, आणि त्याच्या बाजूने बोलायला आजपर्यंत एक माणूस नाही. त्या मंगळवारी टेबलाभोवती आठ जण होते. एक सोडला तर सातजणांनी मान कोणी उचलली ते पाहिलं आहे, आणि त्या सातांपैकी कुणाच्या मार्कांना आता कुणी हात लावू शकत नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल, किंवा तुमचा भाऊ, भाचा, जावई, शेजारचा डॉक्टर त्यांच्यातला असेल, तर हे त्याला वाचून दाखवा, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते एका पोस्टकार्डावर लिहून पंधरा तारखेच्या आत धाकू राऊळ, गवळ्यांचा तबेला, जोगेश्वरी पूर्व, या पत्त्यावर टाका.