तोताराम तायड्यांची सहा व्होल्टची डॉज

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रातून तोताराम तायडे १९९० साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी जळगावच्या एका डाळमिलच्या शेडमध्ये पडून असलेली जुनी डॉज त्यांनी घरी आणली. जन्मभर इलेक्ट्रिकल फिटरची नोकरी. तारेला हात लावण्याआधी लाइन बंद असल्याची खात्री स्वतः करायची आणि नव्या पोरांकडूनही करवून घ्यायची, असा त्यांचा खाक्या. कॉलनीत सगळे त्यांना नाना म्हणत.

गाडीपुढे मात्र ही सगळी शिस्त कुठे गेली कोण जाणे. डॉजची बॅटरी होती सहा व्होल्टची. तिची दोन्ही टोकं हातात धरली तरी मुंग्यासुद्धा येत नाहीत, हे नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवत. "जन्मभर वाघाच्या पिंजऱ्यात राहिलो," ते हसून म्हणत, "हे तर मांजराचं पिल्लू."

वायरींवर जुन्या काळचं कापडी वेष्टण होतं. बोट लागलं की भुगा पडायचा. नानांनी जिथे दिसलं तिथे काळी टेप गुंडाळली. मग हौसेनं मोठा दोनसुरी हॉर्न बसवला. तो वाजवला की फ्यूज उडायचा. दोन-चार वेळा नवा आणला, शेवटी वैतागून त्यांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजवर गुंडाळून टाकली. तेव्हापासून फ्यूज उडाला नाही.

वास सुरू झाला तो त्यानंतर. त्यांची बायको पुष्पाबाई पुढे शेजारी बसायच्या. त्यांनाच तो आधी आला.

"काहीतरी जळी ऱ्हायनं," त्या म्हणाल्या.

"जुनी गाडी शे. वास येणारच."

वास कधी यायचा, कधी आठवडाभर नाही. एकदा वळणावर हॉर्न आपोआप वाजला आणि थांबला. समोरच्या पत्र्यावरचा बॅटरीचा काटा चालता चालता उलट्या अंगाला, वीज जास्त खर्च होतेय त्या बाजूला, कलायचा, मग जागेवर यायचा. नाना काचेवर टिचकी मारून म्हणायचे, काटाच म्हातारा झाला. पुष्पाबाई बोलायच्या थांबल्या, पण समोरच्या पत्र्यापासून गुडघे आखडून बसू लागल्या. तो पत्रा गरम लागायचा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पाचोऱ्याला भाचीचं लग्न होतं. मागच्या सीटवर नानांची थोरली बहीण यशोदाबाई, म्हणजे अक्का. अक्कांचं डावं अंग लुळं होतं, त्यांना धरून बसवावं लागे. शिरसोली मागे पडली आणि भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजायला लागला. या खेपेला तो थांबेना. काटा उलट्या टोकाला जाऊन चिकटला. समोरच्या पत्र्याखालून पांढरा धूर पुष्पाबाईंच्या पायांवर उतरला.

नानांनी गाडी कडेला घेऊन चावी बंद केली. इंजिन थांबलं. हॉर्न आणि धूर चालूच. हॉर्नची वायर चावीतून जातच नव्हती, ती बॅटरीवरून सरळ फ्यूजला आलेली. हे नानांना माहीत होतं. त्यांनीच ती जोडली होती.

"अक्काले काढ!" ते ओरडले आणि बॉनेटकडे धावले.

मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं. पुष्पाबाईंनी ते ओढून उघडलं आणि अक्कांच्या काखेत हात घालून त्यांना फरफटत मातीत आणलं. नानांना बॅटरीचा बोल्ट हलवता येईना. पाना डिकीत, डिकीवर सामान. वायर लालभडक झाली होती. त्यांनी ती उपरण्यात धरली आणि सगळ्या ताकदीनं उपटली. उपरणं पेटलं, तळहाताची कातडी वायरीला चिकटून गेली. हॉर्न बंद पडला. मग दोघांनी धुरावर माती टाकली, ओंजळी भरभरून.

लग्नाला ते मिळेल त्या ट्रकनं गेले. हाताला हळद लावून नाना मांडवात बसून राहिले.

हात बरा होत आल्यावर त्यांनी ओढून घरी आणलेल्या गाडीचा सीटसमोरचा पत्रा काढला. इंजिनकडून वायर आत येते त्या भोकातली रबरी कडी झडून गेली होती. पत्र्याच्या धारेनं वायर कापत आणली होती. फ्यूज वेळेवर उडाला असता तर एवढ्यावरच निभावलं असतं. चांदी मात्र जशीच्या तशी होती.

पण नाना आणखी आत वाकले आणि त्यांना दुसरीच गोष्ट दिसली. ताज्या जळक्या जागेपासून हातभर लांब, पत्र्यामागच्या तागाच्या अस्तरावर आणखी एक काळा डाग कडेनं डोकावत होता. जुना. त्यावर कोणीतरी गोणपाटाचा तुकडा नीट शिवून लावला होता.

डाळमिलचा जुना ड्रायव्हर वना अजून जळगावातच होता. नाना त्याच्याकडे गेले.

"ही गाडी आधी पेटली होती का?"

वनानं मान खाली घातली. "दोनदा. म्हणून तर शेडमध्ये उभी केली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नाना, तुम्ही वीजवाले. मला वाटलं, तुम्हाला दिसेलच."

पावसाळाभर नाना गाडीतली वायर न् वायर बदलत बसले. प्रत्येक भोकाला नवं रबर, प्रत्येक वाटेला वेगळा फ्यूज, आणि सीटवरून हात पोचेल असा बॅटरीचा मेन स्विच. पुष्पाबाई टॉर्च धरून उभ्या राहायच्या. उजेड हलू द्यायच्या नाहीत.

दिवाळीनंतर दोघं डॉज घेऊन, लग्नानंतर पाचोऱ्यालाच राहिलेल्या अक्कांना भेटायला गेले. नानांनी म्हटलं, चल अक्का, गावातून एक फेरी मारू. अक्कांनी उंबऱ्यात बसूनच गाडीकडे पाहिलं.

"मी नाही बसत," त्या म्हणाल्या. "तिची ओढ राहिलेली शे. ती कोणाले तरी घेतल्याबिगर राहणार नाही."

नानांनी त्यांना नव्या वायरी दाखवल्या, फ्यूज दाखवले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या भिंतीला धरून हळूहळू आत गेल्या. परतताना पुष्पाबाई पुढे शेजारीच बसल्या. दोघांच्याही काचा खाली होत्या, कार्तिकाचा गार वारा आत येत होता, आणि भुसावळ येईपर्यंत दोघांपैकी कोणी त्या वर केल्या नाहीत.